गच्चीवरचं हेलिक्रायसम : अकरा महिन्यांचा अनुभव

मागच्या ऑक्टोबरात हेलिक्रायसमच्या, म्हणजे वाळवून ठेवता येणाऱ्या कागदी फुलाच्या, बियांचं पाकीट आणलं. नर्सरीत नुसतं 'कागदी फूल' मागितलं तर बोगनवेल पुढे करतात, म्हणून पूर्ण नाव सांगा.

पाकिटावर 'बी अर्धा इंच मातीखाली' असं छापलेलं. तसं पेरलं, एकही उगवलं नाही. या बियांना उगवायला उजेड लागतो हे नंतर कळलं. मग कोकोपीटवर नुसतं भुरभुरलं, फवाऱ्याने पाणी दिलं, दहाव्या दिवशी कोंब आले. जुळे सोलापुरातली आमची काळी माती पाणी धरून ठेवते. तिच्यात दोन रोपं कुजली, बाकीची वाळू-शेणखताच्या कुंड्यांत हलवली. थोडा मावा आला, निंबोळी अर्काने गेला.

जानेवारीत होम मैदानावर गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) भरला तेव्हा पहिली फुलं आली, आणि मी घाई केली नाही तिथेच चुकले. पूर्ण उमलू दिली, मधला पिवळा भाग दिसल्यावर कापून टांगली. आठवड्यात आतून म्हातारीसारखा कापूस सुटला, सगळी वाया. फूल कापायचं ते बाहेरच्या दोन-तीन ओळीच सुटलेल्या असताना. वाळताना ते आणखी उमलतं. आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो ती खरं तर छदं, म्हणजे फुलाखालची रंगीत पानं. बोट फिरवलं तर झाडावरसुद्धा कागदासारखी वाजतात.

वाळल्यावर देठ मान टाकतो. ताज्या फुलात खालून बारीक तार खुपसली की वाळताना ती घट्ट बसते. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

वाळवायला मात्र सोलापूरसारखं गाव नाही! फेब्रुवारीत जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत सुतळीला जुड्या उलट्या टांगल्या, दहा दिवसांत कडक झाल्या. उन्हात ठेवू नका, रंग उडतो.

जुलैत झड लागली तेव्हा आत्या म्हणाली, "अगं, तुझी फुलं मिटली की गं!" खरंच, फुलदाणीतली सगळी फुलं आत वळून कळ्यांसारखी झाली होती. माझ्या पोटात गोळाच आला. ओल लागली की ती मिटतात. दोन दिवसांनी ऊन पडलं आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा उघडली.

आता सप्टेंबर. पिवळी आणि मरून फुलं जशीच्या तशी आहेत. पांढरी किंचित पिवळट झाली, खिडकीपाशी ठेवलेली गुलाबी फिकी पडली. मार्चमध्ये एका मरून झाडाची फुलं मुद्दाम पिकू दिली होती. त्याचं बी पुडीत आहे. पाऊस थांबला की तेच टाकणार.