बेळगावच्या इंजिनिअरने काय निवडावं: सरकारी संस्था की पुण्याची कंपनी?

जीआयटी, केएलई, मराठा मंडळ अशा कॉलेजांतून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करून बाहेर पडलेल्या मुलामुलींपुढे दोन वाटा असतात. एक हायवे धरून पुण्याला किंवा बेंगळुरूला जाते. दुसरी सरकारी संस्थेतल्या तांत्रिक जागेकडे: एनआयसी (केंद्र सरकारचं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र), विद्यापीठाचा संगणक विभाग, हेस्कॉम (इकडची सरकारी वीज वितरण कंपनी), सरकारी बँक. घरचे सरकारी जागेकडे ओढतात, मित्र पुण्याकडे. मी दोन्हीकडे काम केलं आहे. माझा कल संस्थेकडे आहे, पण दोन अटींवर: जागा कायम हवी आणि एखादी सिस्टीम खरोखर तुमच्या ताब्यात हवी.

पगाराचं आधी उरकून घेऊ. सातव्या वेतन आयोगानुसार एनआयसीत ‘सायंटिस्ट-बी’ या शास्त्रज्ञ श्रेणीतल्या पहिल्या पदाचं सुरुवातीचं मूळ वेतन 56,100 रुपये आहे, त्याखालच्या ‘सायंटिफिक असिस्टंट-ए’ या पदाचं 35,400. महागाई भत्ता आणि घरभाडं वेगळं. पुण्यात फ्रेशर म्हणून लागणाऱ्या बहुतेकांना सुरुवातीला एवढं मिळत नाही. पण पाच-सहा वर्षांत चांगल्या प्रॉडक्ट कंपनीतला इंजिनिअर पुढे निघून जातो आणि ते अंतर पुढे भरून निघत नाही. ज्यांच्या डोक्यावर मोठं शैक्षणिक कर्ज आहे, त्यांनी याचा विचार आधी करावा.

खरा फरक कामात आहे. कंपनीत तुम्ही वेगाने शिकता. कोड रिव्ह्यू होतो, टेस्टिंगची शिस्त लागते, चूक दाखवणारा सीनियर शेजारीच असतो. संस्थेत पहिल्याच वर्षी हे सगळं क्वचित मिळतं. मात्र कंपनीत प्रोजेक्ट संपला की सिस्टीम दुसऱ्याच्या हाती जाते आणि आपण घेतलेल्या निर्णयाचं दहा वर्षांनी काय झालं, हे कधी कळत नाही.

आपल्या जवळचं उदाहरण घ्या. कर्नाटकातल्या जमिनीच्या नोंदी 2000 च्या सुमारास ‘भूमी’ प्रकल्पात संगणकावर आल्या. सॉफ्टवेअर एनआयसीचं, नोंदी सुमारे 2 कोटी. त्याआधी हाताने लिहिलेल्या उताऱ्यासाठी ग्रामलेखापालाच्या मागे फिरावं लागे. पंचवीस वर्षं होत आली तरी ती व्यवस्था चालू आहे. या काळात डेटाबेस बदलले, सर्व्हर बदलले, उतारा तालुक्याच्या खिडकीवरून मोबाइलवर आला, आणि तरीही खानापूरच्या शेतकऱ्याचा सर्व्हे नंबर हरवून चालणार नव्हतं. जुना डेटा न बिघडवता नव्या सिस्टीममध्ये नेणं, चालू कारभार न थांबवता पाया बदलणं, ही विद्या एका जागी टिकून राहिल्याशिवाय येत नाही. आणि त्या कामाचा उपयोग कोणाला होतो, हे रोज दिसतं. मला हे समाधान मोठं वाटतं.

पण प्रत्येक सरकारी जागेवर हे मिळत नाही. पुष्कळ कार्यालयांत सगळं काम बाहेरच्या एजन्सीकडे असतं आणि कायम नोकरीतला तांत्रिक माणूस फक्त तक्रारीचे ईमेल पुढे पाठवत राहतो. दहा वर्षं असं केलं की हात गंजतो. म्हणून जागा स्वीकारण्याआधी तिथे काम करणाऱ्या कुणाला तरी विचारा: सोर्स कोड कुणाकडे आहे? सर्व्हरचा पासवर्ड कुणाकडे? टेंडरमधली तांत्रिक अट कोण लिहितं? तिन्हींचं उत्तर ‘एजन्सी’ असेल तर ती नोकरी सुरक्षित आहे, पण तिथे तंत्रज्ञानातलं करिअर घडणार नाही.

त्याहून मोठा धोका कंत्राटी जागेचा. ‘सरकारी’ म्हणून आउटसोर्सिंगवर लागलेली मुलं वर्षानुवर्षं कायम होण्याच्या आशेवर राहतात. पगार कंपनीपेक्षा कमी, हक्क संस्थेचे नाहीत, आणि तोवर वयोमर्यादा उलटून जाते. अशा जागेपेक्षा पुण्याची साधी कंपनीसुद्धा बरी, हे मी ठामपणे सांगेन.

बढतीचे नियमही सारखे नसतात. एनआयसीत शास्त्रज्ञ श्रेणीला ठरावीक वर्षांनी कामाचं मूल्यमापन आणि मुलाखत होऊन पुढची श्रेणी मिळू शकते, वरची जागा रिकामी होण्याची वाट पाहावी लागत नाही. विद्यापीठात प्रोग्रॅमरची जागा बहुधा एकटीच असते आणि तिच्यावर चढायला पायरी फारशी नसते. पण बदलीचं गणित उलटं आहे. एनआयसीत देशभर कुठेही पाठवू शकतात, बँकेचा आयटी अधिकारी बहुतेकदा मुख्यालयाच्या शहरात असतो, हेस्कॉममध्ये उत्तर कर्नाटकातल्या सात जिल्ह्यांत फिरावं लागतं. बेळगावातल्याच व्हीटीयू (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ) किंवा राणी चन्नम्मा विद्यापीठात मात्र घरूनच ये-जा होऊ शकते. आईवडील थकलेले असतील तर हा मुद्दा बढतीपेक्षा जड ठरतो.

आता भाषा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना यावर कुणी स्पष्ट बोलत नाही. राज्याच्या नोकरभरतीत कन्नडची परीक्षा असते, फाइल कन्नडमध्ये चालते, उतारा कन्नडमध्ये असतो. केंद्राच्या संस्थेत भरतीला ही अट नसते, पण जिल्ह्यात काम करताना तहसील कार्यालयाशी कन्नडमध्येच बोलावं लागतं. शाळेत शिकलेलं कन्नड पुसट झालं असेल तर आजपासून वर्तमानपत्र वाचायला घ्या. मराठी आणि कन्नड दोन्ही नीट येणारा इंजिनिअर या पट्ट्यात दुर्मीळ आहे, आणि चिक्कोडी-निपाणीकडच्या माणसाला फॉर्ममधली चूक त्याच्या भाषेत समजावून देणारा तोच असतो.

पेन्शनचं सांगायचं तर जुनी योजना नव्यांना लागू नाही. केंद्रात 1 एप्रिल 2025 पासून एकीकृत पेन्शन योजनेचा पर्याय आहे. त्यात 25 वर्षं सेवा झाली तर शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मं पेन्शन मिळतं.

माझा सल्ला वयाप्रमाणे बदलतो. बावीस-तेवीस असाल तर आधी तीन-चार वर्षं पुण्यात चांगल्या टीममध्ये काढा, सोबत ‘गेट’ या इंजिनिअरिंगच्या राष्ट्रीय परीक्षेची तयारी चालू ठेवा, मग संस्थेत या. तिथली शिस्त घेऊन आलेला माणूस इथे पहिल्या महिन्यापासून उपयोगी पडतो. एनआयसीच्या बऱ्याच जागांना खुल्या गटात तिशीची मर्यादा असते, त्यामुळे सत्तावीस-अठ्ठावीस झालं असेल तर थांबू नका, निघेल त्या कायम जागेला अर्ज करा. आणि कायम जागा आधीच हातात असेल, पण काम एजन्सीकडे असेल, तर वरिष्ठांकडे एक छोटी सिस्टीम मागून घ्या: ग्रंथालयाचं ‘कोहा’ सॉफ्टवेअर, परीक्षा विभागाचा बॅकअप, काहीही. ती पूर्ण स्वतः चालवा.