सीबीएमसी: पीएचडीचा अर्ज भरण्याआधी हाताळून पाहावं असं साधन

सॉफ्टवेअर व्हेरिफिकेशन (कोड बरोबर आहे हे तर्काने सिद्ध करणं) किंवा प्रोग्रॅमिंग भाषांच्या सुरक्षेत पीएचडी करायचं मनात असेल, तर अर्जाच्या तारखा शोधण्याआधी सीबीएमसी चालवायला शिकावं. सी भाषेतला कोड दिला की हे साधन त्याचं एका मोठ्या तार्किक सूत्रात रूपांतर करतं आणि सॅट सॉल्व्हरला, म्हणजे असं सूत्र खरं ठरवणारी मूल्यं शोधणाऱ्या प्रोग्रॅमला, विचारतं, 'हा कोड चुकेल असं एखादं इनपुट आहे का?' क्लार्क, क्रोनिंग आणि लेर्डा यांनी 2004 साली यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. साधन मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. हिंजवडीपासून चाकणपर्यंत गाड्यांच्या कंट्रोलरसाठी सी लिहिणाऱ्यांची पुण्यात कमतरता नाही, म्हणून उदाहरणही त्यातलंच घेऊ.

गाडीतले कंट्रोलर ज्या तारांवरून एकमेकांशी बोलतात त्या कॅन बसवरच्या प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे संदेशात, डेटा किती बाइट ते सांगणारं डीएलसी नावाचं चार बिटांचं फील्ड असतं. त्यात 0 ते 15 पर्यंत काहीही येऊ शकतं. क्लासिक कॅनमध्ये डेटा मात्र जास्तीत जास्त 8 बाइट, म्हणजे 9 ते 15 यांचाही अर्थ आठच. आता आठ बाइटांच्या अ‍ॅरेत 'डीएलसी जेवढं सांगेल तेवढे बाइट' कॉपी करणारं लूप लिहिलं, तर चाचणीत ते वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतं, कारण टेस्ट बेंचवर आठच्या वरचा डीएलसी कोणी पाठवतच नाही.

सीबीएमसीसाठी एक छोटं हार्नेस फंक्शन, म्हणजे तपासायच्या कोडला इनपुट देऊन तो बोलावणारं फंक्शन, लिहावं लागतं. डीएलसीला 'नॉनडेट' मूल्य द्यायचं, म्हणजे काहीही असू शकतं असं. मग 'अस्यूम'ने 15 ची मर्यादा घालायची आणि कॉपीचं फंक्शन बोलवायचं. 'अनवाइंड', म्हणजे लूप किती वेळा उलगडायचं, हा पर्याय 16 ठेवायचा. लूपच्या फेऱ्या 15 असल्या तरी अट सोळाव्यांदा तपासली जाते, म्हणून एक जास्त. 'ट्रेस' पर्याय लावला की डीएलसीचं नेमकं मूल्य आणि इंडेक्स 8 ला अ‍ॅरेची वरची हद्द ओलांडली जाते ती ओळ, दोन्ही समोर येतं. आठपेक्षा मोठी किंमत आठवर आणणारी एक ओळ घातली की अनवाइंड 9 पुरतं आणि पडताळणी पास होते. ही पास टेस्टिंगमधल्या पासपेक्षा फार वजनदार आहे, कारण त्या हार्नेसपुरती सोळाच्या सोळा मूल्यं तपासून झालेली असतात.

नवखी मंडळी अडकतात ती पुढे. अनवाइंड न देता चालवलं तर अशा लूपवर साधन उलगडतच बसतं, थांबत नाही. मग कंटाळून कोणीतरी 5 टाकतं. जुन्या, म्हणजे 5 च्या मालिकेतल्या आवृत्त्यांत अनवाइंडिंग असर्शन, म्हणजे लूप पुरेसं उलगडलं का ही तपासणी, वेगळं चालू करावं लागायचं. ते नसेल तर नवव्या फेरीपर्यंत साधन पोचतच नाही आणि 'व्हेरिफिकेशन सक्सेसफुल' छापून मोकळं होतं. 2024 मध्ये आलेल्या 6 पासून ही तपासणी आणि अ‍ॅरे-पॉइंटरच्या नेहमीच्या तपासण्या आपोआप चालू असतात. ही सुधारणा फारच गरजेची होती. लिनक्सच्या भांडारातून घेतलेली आवृत्ती पुष्कळदा जुनी निघते, तेव्हा बसवल्यावर आधी आवृत्तीचा आकडा पाहा आणि गरज पडली तर प्रकल्पाच्या पानावरून नवी घ्या.

दुसरा सापळा जास्त वाईट. हार्नेसमध्ये 15 ऐवजी 'डीएलसी 8 किंवा कमी' असं गृहीत धरलं तर बग तिथेच पुरला जातो आणि निकाल हिरवा येतो. दोन गृहीतकं एकमेकांना छेद देणारी असतील तर काहीही सिद्ध होतं. यावर उपाय सोपा आहे: हार्नेसच्या शेवटी हमखास खोटं ठरणारं असर्शन (इथे अमुक अट खरी असलीच पाहिजे असं विधान) घाला. ते नापास झालंच पाहिजे. पास झालं तर तिथपर्यंत एकही मार्ग पोचत नाही, हे पक्कं समजा.

एम्बेडेड कोडवर आणखी काही गोष्टी आड येतात. ज्या फंक्शनचा मूळ कोड दिलेला नाही, ते कोणतंही मूल्य परत करू शकतं असं साधन मानतं, पण त्याने पॉइंटरमधून मेमरीत केलेला बदल धरत नाही. विकत घेतलेल्या लायब्ररींसाठी म्हणून स्वतः स्टब (खऱ्या फंक्शनच्या जागी बसणारी छोटी फंक्शन्स) लिहावे लागतात. इंटरप्ट (हार्डवेअरने चालू कामात मध्येच आणलेला व्यत्यय) आपोआप येत नाहीत. कंपायलर विक्रेत्याचे खास कीवर्ड पार्सर पुष्कळदा स्वीकारत नाही. 'इंट'ची रुंदी तुमच्या लॅपटॉपवरून घेतली जाते, तेव्हा 16 बिटांच्या कंट्रोलरसाठी ती सांगावी लागते. दोन 32 बिटी अज्ञात संख्यांच्या गुणाकाराशी संबंधित असर्शन असेल तर सॉल्व्हर तासन्‌तास अडकू शकतो.

या मर्यादांमुळेच पीएचडीच्या तयारीसाठी आम्ही सीबीएमसी सुचवतो. साधन कुठे आणि का थकतं हे नेमकं सांगता आलं की संशोधनाचा प्रश्न हाती आला. लूपच्या फेऱ्यांना वरची मर्यादाच नसेल तर उलगडून भागत नाही. तिथे इनव्हेरियंट, म्हणजे प्रत्येक फेरीत खरी राहणारी अट, शोधावा लागतो किंवा लूपचं अ‍ॅब्स्ट्रॅक्शन, म्हणजे बारकावे गाळलेलं सोपं रूप, करावं लागतं. पुण्यातच, 1981 पासून चालत आलेल्या टीसीएसच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात, याच वाटेने 'व्हेरीअ‍ॅब्स' हे पडताळणीचं साधन तयार झालं आणि एसव्ही-कॉम्प या अशा साधनांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत 2020 मध्ये रीचसेफ्टी (कोड चुकीच्या जागी पोचू शकतो का हे तपासण्याच्या) गटात पहिलं आलं. भाषांच्या सुरक्षेकडे ओढा असेल तर रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेसाठीचं 'कानी' पाहा. त्याच्या पोटात सीबीएमसीच आहे, आणि रस्टच्या 'अनसेफ' (कंपायलरच्या काही सुरक्षा तपासण्यांबाहेरच्या) कोडबद्दल नेमकं काय सिद्ध करायचं हा प्रश्न अजून मोकळा आहे.

अर्जासोबत जोडायला कंपनीचा कोड वापरू नका. गोपनीयतेच्या करारात ते बसत नाही. फ्रीआरटीओएस या छोट्या कंट्रोलरसाठीच्या मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिमच्या भांडारात सीबीएमसीचे तयार हार्नेस आहेत. त्यातला एक घ्या, अनवाइंड एकाने कमी करून काय मोडतं ते पाहा, मग शेजारच्या फंक्शनसाठी स्वतः लिहा. आवृत्ती, आज्ञा, लागलेला वेळ आणि लागलेली मेमरी यांची नोंद ठेवा, म्हणजे वाचणाऱ्याला तोच निकाल पुन्हा काढता येईल. उद्देशपत्रात 'मला सायबर सुरक्षेची आवड आहे' या वाक्यापेक्षा या नोंदीतला एक परिच्छेद कितीतरी जास्त काम करतो.

प्रवेशाचं थोडक्यात. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीला 75 टक्के असतील तर थेट पीएचडीला अर्ज करता येतो, आणि नोकरी सांभाळून अर्धवेळ करायची तर मालकाचं ना-हरकत पत्र लागतं. आयआयटींचे निकष स्वतःचे असतात. गेटचा स्कोर तीन वर्षं चालतो. 2023 च्या सुधारणेनंतर ज्युनियर रिसर्च फेलोशिप महिना 37,000 रुपये आहे, पुढे सीनियरला 42,000.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या गटाचं एखादं साधन उतरवून घ्या आणि वरचं डीएलसीचं उदाहरण त्यावर चालवा. अडलं तर पहिल्या ईमेलमध्ये आज्ञा आणि आलेला एरर यांसकट तेच विचारा.