जुन्या गिझरला कोणता थर्मोस्टॅट घ्यावा: नागपूरच्या बर्डी-इतवारीत मिळणाऱ्या तीन प्रकारांचा रिव्ह्यू

नागपुरात गिझरचं दुखणं नोव्हेंबरात कळतं. मार्चपासून गच्चीवरच्या टाकीचंच पाणी कढत येतं, म्हणून गिझर सात-आठ महिने बंद असतो. पावसाळ्यात बाथरूमच्या ओलीने टर्मिनलवर हिरवट गंज चढतो, थर्मोस्टॅटचे (तापमान पाहून वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या भागाचे) कॉन्टॅक्ट काळे पडतात. मग पहिल्या थंडीत स्विच दाबला की पाणी एकतर कोमटच राहतं, नाहीतर उकळायला लागून कटआउट, म्हणजे पाणी अति तापलं की वीज तोडणारा सुरक्षा-स्विच, उडतो. दहा-बारा वर्षांच्या गिझरचं असं झालं की लोक थेट नव्याच्या चौकशीला लागतात. टाकी गळत नसेल तर त्याची गरज बहुधा नसते. बिघाड कंट्रोलमध्ये असतो आणि तो भाग काही शे रुपयांत मिळतो. फक्त योग्य भाग निवडता आला पाहिजे.

खरेदीआधी दोष कुठे आहे ते मल्टिमीटरने पक्कं करा. एमसीबी पाडून, प्लग काढून, वायरी सोडवून एलिमेंटच्या (पाणी तापवणाऱ्या कॉइलच्या) दोन पिनांमध्ये मोजा. 2000 वॅटच्या एलिमेंटला 26 ओहमच्या आसपास आणि 3000 वॅटच्या एलिमेंटला साडेसतराच्या आसपास आकडा दिसला तर ते शाबूत आहे. पिन आणि गिझरचा धातूचा भाग यांमध्ये मात्र मीटरने कसलीही सलगता दाखवायला नको. तिथे काही किलोओहम दिसले तर एलिमेंट फुटलं आहे, थर्मोस्टॅट बदलून काही होणार नाही.

पाणी उशिरा तापतं ही वेगळी तक्रार आहे. 25 लिटर पाणी 15 अंशांवरून 60 वर न्यायला 2000 वॅटला साधारण 40 मिनिटं लागतात. व्होल्टेज 230 ऐवजी 200 असेल तर तोच गिझर दीड हजार वॅटवर येतो आणि 50 मिनिटांच्या पुढे जातो. 29 डिसेंबर 2018 ला शहराचा पारा 3.5 अंशांवर गेला होता. अशा सकाळी टाकीतलं पाणीही नेहमीपेक्षा गार असतं आणि वेळ आणखी वाढतो. तो थर्मोस्टॅटचा दोष नाही.

आता तीन प्रकारांकडे वळू.

साधा रॉड थर्मोस्टॅट सगळ्यात स्वस्त. पितळी नळी आणि तिच्या आत इन्व्हार या मिश्रधातूची काडी. पितळ तापल्यावर लांबतं, इन्व्हार जवळजवळ लांबत नाही. या फरकाने वरचा कॉन्टॅक्ट उघडतो. यंत्रणा साधी आहे, टिकते. पण त्यात कटआउट नाही. तुमच्या गिझरला चकतीसारखा वेगळा कटआउट असेल आणि तो चालू असेल, तरच हा घ्यावा.

कॅपिलरी थर्मोस्टॅट म्हणजे द्रव भरलेला बल्ब, बारीक तांब्याची नळी आणि बाहेरून फिरवायचा नॉब. तापमान हवं तसं ठेवता येतं, ही त्याची मोठी सोय. पण बसवताना नळीला तीव्र घडी पडली की ती चिरते आणि द्रव निघून जातो. वाईट गोष्ट अशी की द्रव गेल्यावर साध्या बनावटीच्या कॅपिलरीचा कॉन्टॅक्ट बंदच राहतो, म्हणजे गिझर तापतच राहतो. मूळ गिझरलाच बाहेर नॉब असेल तर हाच लागेल. तेव्हा बल्बची जाडी आणि नळीची लांबी जुन्याशी जुळवून घ्या आणि उरलेली नळी मोठ्या वेटोळ्यात ठेवा. रॉडच्या जागी कॅपिलरी बसवायचा खटाटोप मात्र करू नका.

आमची पसंती तिसऱ्याला आहे: कटआउट अंगातच असलेला रॉड थर्मोस्टॅट, लाल रिसेट बटणाचा. त्यातही फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा मिळाला तर तोच घ्या. आपल्याकडे जुन्या घरांत फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले सर्रास सापडतात. तिथे एकच तार तोडणारा कटआउट उडाला तरी एलिमेंटवर करंट राहतो. दोन्ही तोडणारा ही जोखीम संपवतो.

काउंटरवर जाताना जुना रॉड सोबत न्या. लांबी साधारण 7 किंवा 11 इंच असते, पण अंदाजाने घेऊ नका, फूटपट्टीने मोजा. लांब रॉड टाकीतल्या त्याच्या नळीत, म्हणजे खिशात, पूर्ण बसत नाही, आखूड रॉडला वरच्या पाण्याचा अंदाज येत नाही. अंगावर छापलेले अँपिअर वाचा: 2000 वॅटचा गिझर पावणेनऊ अँपिअर ओढतो, 3000 वॅटचा 13. पहिल्याला 16 अँपिअरचा भाग पुरतो, दुसऱ्याला 20 चा घ्यावा. काहीच छापलेलं नसेल तर तो भाग परत द्या, कितीही स्वस्त असो.

घरी आणल्यावर बसवण्याआधी तपासा. डायल 60 वर ठेवून फक्त रॉड गरम पाण्यात बुडवा, डोकं कोरडं राहू द्या. शेजारी थर्मामीटर ठेवा. साठीच्या चार-पाच अंश इकडे-तिकडे ‘टक्’ आवाज येऊन मीटरवरची सलगता तुटली पाहिजे, आणि पाणी निवलं की परत जुळली पाहिजे. मग पाणी उकळू द्या. आता कटआउटही तुटायला हवा. तो तुटत नसेल तर भाग लगेच बदलून आणा.

बसवणं अवघड नाही. खालचं झाकण उघडा, वायरींचा फोटो काढा, लग (वायरींच्या टोकाच्या धातूच्या क्लिपा) पकडीने सरळ ओढून काढा. रॉड ज्या खिशात असतो तो आतून कोरडा असतो, त्यामुळे टाकी रिकामी करावी लागत नाही. नुसता थर्मोस्टॅट बदलताना कुणी ‘पाणी काढायचे’ वेगळे पैसे मागितले तर कारण विचारा. एलिमेंट काढायचं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा पाणीही काढावं लागतं आणि गॅस्केटही नवं लागतं. जुने लग तपकिरी झाले असतील किंवा सैल असतील तर तेवढी वायर कापून नवे लग दाबून बसवा. सैल लगवर नवा थर्मोस्टॅटही एका हिवाळ्यात जळतो आणि दोष उगाच त्या भागावर येतो.

बेसा-बेलतरोडीकडच्या लेआउटमध्ये बोअरचं जड पाणी असेल तर आणखी एक पाहा. एलिमेंट आणि रॉडचा खिसा यांच्यामध्ये क्षारांचा गोळा जमला की एलिमेंटची उष्णता थेट खिशाला लागते, थर्मोस्टॅट लवकर तोडतो आणि पाणी कोमट मिळतं. तिन्हींपैकी कुठलाही भाग आणला तरी हे सुटणार नाही. फ्लॅंज (एलिमेंट ज्यावर बसलेलं असतं ते झाकण) उघडून क्षार काढा, सोबत टाकीला गंजापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा रॉड झिजला असेल तर तोही बदला. डायल 55 ते 60 च्या वर नेऊ नका. पाणी जितकं जास्त तापतं तितके क्षार जास्त बसतात.

कटआउट वारंवार उडतो म्हणून तिथे वायरचा तुकडा टाकून ‘डायरेक्ट’ करून देणारे मिस्त्री अजूनही आहेत. हे कधीच, एका दिवसासाठीही, करू देऊ नका. कटआउट उडतो कारण बहुधा थर्मोस्टॅटचे कॉन्टॅक्ट चिकटलेले असतात. अशात कटआउट काढून टाकला की पाणी उकळत राहतं, आणि प्रेशर व्हॉल्व्ह क्षारांनी जाम असेल तर टाकी फुटते. बाथरूममध्ये त्या वेळी घरातलं कुणीही असू शकतं.

तिन्हींच्या किमतीत फरक शे-दोनशेचाच आहे. डिसेंबरात दुकानांत गर्दी असते आणि हव्या त्या लांबीचा रॉड संपलेला असतो, म्हणून गिझर ऑक्टोबरातच एकदा चालवून पाहा. बिल घ्या, त्यावर भागाचं नाव आणि अँपिअर लिहून घ्या. इलेक्ट्रिकचा भाग एकदा जोडला की बहुतेक काउंटर परत घेत नाहीत, म्हणून पाण्यातली तपासणी जोडण्याआधीच उरका.