जुन्या हायड्रॉलिक खुर्च्या, नवं बेसिन आणि घरचं पार्लर: दीड वर्ष वापरल्यावर

बदलापूरला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत १० मे २०२४ ला, अक्षय्य तृतीयेला, पार्लर सुरू झालं. खोली १० बाय १४. काम धाकट्या जावेचं, हिशेब माझा, दुरुस्त्या सासऱ्यांच्या आणि टॉवेलांचं खातं सासूबाईंकडे. हाताशी दीड लाख होते. मुद्राचं शिशू कर्ज ५०,००० (त्या गटात तेवढीच मर्यादा), माझी भिशी ६०,००० आणि जावेने सहा वर्षं दुसऱ्यांच्या पार्लरमध्ये उभं राहून साठवलेले ४०,०००. आता दीड वर्ष झालं. कुठली वस्तू टिकली आणि कुठली अंगावर आली ते लिहून ठेवते आहे. आम्ही शोधाशोध करत होतो तेव्हा असं सांगणारं कुणी हवं होतं.

आधी खुर्च्या. नव्या हायड्रॉलिक खुर्चीला ११,००० च्या खाली कुणी बोलेना. उल्हासनगरला फर्निचर बाजारात चौकशी करता करता बंद झालेल्या पार्लर-सलूनचं सामान उचलणाऱ्या एका माणसाचा पत्ता लागला. त्याच्या गोदामात तीस-चाळीस खुर्च्या एकमेकींवर चढवून ठेवलेल्या. मला सगळ्या सारख्याच दिसल्या. अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, बरोबर नेलं ते फार बरं झालं. ते अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून फिटर म्हणून निवृत्त झालेत. त्यांनी फाटलेल्या रेक्झिनकडे बघितलंच नाही. खुर्ची पायाने पंप करून पूर्ण वर घ्यायची, त्या माणसाच्या हमालाला वर बसवायचं, दांड्यावर खडूची खूण करायची आणि दहा मिनिटं थांबायचं. पंपाचं सील गेलं असेल तर खुर्ची हळूहळू खाली बसते. पहिली दीड इंच बसली. दुसरीच्या बुडाशी तेलाचा ओला डाग होता. तिसरी उभी राहिली, पण पाठ मागे घेतल्यावर लॉक धरेना. दोन तास गेले, अजून बऱ्याच खुर्च्या झाल्या, तेव्हा दोन पसंत पडल्या. प्रत्येकी ४,५०० ला घेतल्या.

त्या माणसाबद्दल चांगलं आधी सांगते. इतका वेळ घेतला तरी त्याने कपाळावर आठी आणली नाही. उलट चौथी खुर्ची आम्ही घेणार होतो तर तोच म्हणाला, "बाबूजी, याचं फूटरेस्टचं वेल्डिंग बघून घ्या." सामान टेम्पोने घरपोच आलं, भाड्यासकट ठरलेल्या पैशात.

रेक्झिन आम्ही स्टेशनजवळ रिक्षाची सीटं आणि हूड शिवणाऱ्याकडून बदलून घेतलं. एका खुर्चीला १,१००. त्याने रिक्षाला वापरतात तेच जाड कापड घातलं आणि कडेला दुहेरी शिलाई मारली. हेअर कलरचे थेंब पडतात, वॅक्सचे ओघळ येतात, रोज पुसलं जातं, तरी दीड वर्षात एक टाकाही उसवलेला नाही. नवीन खुर्चीबरोबर जे पातळ रेक्झिन येतं ते मी दुसऱ्या पार्लरमध्ये वर्षाच्या आत हातांपाशी फाटलेलं पाहिलं आहे. ज्यांच्या गावात रिक्षा आहेत त्यांच्या गावात हा कारागीर आहेच.

आठव्या महिन्यात एक खुर्ची खाली बसायला लागली. अण्णांनी पंप उघडला, जुनं तेल काढलं, अंबरनाथ एमआयडीसीजवळच्या सीलच्या दुकानातून मापाच्या ओ-रिंग (रबरी कड्या) आणल्या, नवीन हायड्रॉलिक तेल भरलं. खर्च २६०. दुसरी अजून जशीच्या तशी आहे. घरात हात चालणारं माणूस नसेल, तर मात्र जुनी खुर्ची घेताना मेकॅनिकचे हजारभर रुपये आधीच धरून चाला.

त्याच माणसाकडून शाम्पू स्टेशनही, म्हणजे केस धुवायचं बेसिन लावलेली आरामखुर्ची, जुनं घेतलं, ७,००० ला. इथे आमचं चुकलं, आणि त्याचंही. बेसिनच्या मानेखालच्या बाजूला केसासारखी बारीक चीर होती. ती पांढरा लांबी-लेप भरून वरून घासलेली होती. गोदामातल्या उजेडात दिसली नाही. तिसऱ्या आठवड्यात गरम पाणी लागून लागून लेप सुटला आणि एका ग्राहक ताईंचा ब्लाऊज पाठीपर्यंत भिजला. त्या काही बोलल्या नाहीत, पण परतही आल्या नाहीत. मला तो दिवस अजून टोचतो. फोन केला तर त्याने जुन्या मालाला परतावा नसतो असं सांगितलं. खुर्चीच्या वेळी जो माणूस स्वतःहून वेल्डिंग दाखवतो त्याला ही चीर ठाऊक नव्हती असं मला वाटत नाही. म्हणून माझं मत असं: त्याच्याकडून लोखंड घ्यावं, चिनी मातीची वस्तू घेऊ नये. घ्यायचीच तर बेसिनला बूच लावून काठोकाठ पाणी भरावं, अर्धा तास ठेवावं आणि खालून कोरड्या कागदाने पुसून बघावं.

नवीन स्टेशन १५,५०० ला आणलं. दीड लाखाचा हिशेब तिथेच मोडला, वरचे पैसे सासूबाईंनी आपल्या पोस्टातल्या ठेवीतून दिले. जुन्याचं बेसिन काढून टाकलं आणि खालची आरामखुर्ची आता पेडिक्युअरला वापरतो.

बेसिनबद्दल अजून एक गोष्ट, आणि ती कुठलाही विक्रेता सांगत नाही. बेसिनच्या किमतीइतकंच महत्त्व त्याच्या निचऱ्याला आहे. आमच्या पुढच्या खोलीची जमीन बाहेरच्या गटारापेक्षा जेमतेम वर. पाइपला उतार मिळेना, पाणी बेसिनमध्ये तुंबून राही. शेवटी गवंड्याकडून विटांचा सहा इंचाचा ओटा बांधून त्यावर स्टेशन बसवलं, पाइप दीडऐवजी दोन इंची टाकला आणि मध्ये केस अडवणारी जाळी घातली. ६,८०० गेले. जाळी जाऊ रोज रात्री स्वतः साफ करते. ओट्याचा फायदा असा झाला की तिला आता वाकावं लागत नाही. ग्राहक बायकांना एक पायरी चढावी लागते, तिथे सासूबाईंच्या आग्रहाने भिंतीला दांडा लावला.

फेशियलचा बेड आम्ही विकत घेतला नाही, बनवून घेतला. तयार बेड बहुतेक २४ इंच उंच मिळाले. सहा वर्षं तशा बेडवर वाकून जावेची कंबर गेलेली. सुताराने तिला ताठ उभं केलं, कोपरापासून जमिनीपर्यंत टेप लावली, त्यातून हाताला काम करायला लागेल तेवढं वजा केलं आणि ३० इंच ठरलं. दीड इंची चौकोनी पाइपचा सांगाडा फॅब्रिकेशनवाल्याने केला, वर १९ एमएमचं मरीन (पाण्याला टिकणारं) प्लाय, चार इंच फोम, वर पुन्हा तेच रिक्षाचं रेक्झिन. एकूण ८,२००. ग्राहकाला चढायला लाकडी पाट. या बेडला मी पाचपैकी पाच देईन. जाऊ आता लागोपाठ चार फेशियल करून उठते आणि रात्री शेक घेत नाही.

मरीन प्लायवर मी अडून बसले होते, त्याला कारण आहे. २०१९ च्या जुलैत, वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली तेव्हा, आमच्या या खोलीत गुडघाभर पाणी होतं. भुशाच्या दाबलेल्या बोर्डाचं कपाट दोन दिवसांत पावासारखं फुगलं, माहेरचं सागवानी कपाट वाळवून अजून वापरात आहे. म्हणून पार्लरमध्ये जमिनीला टेकलेलं लाकूड नाही. कप्पे भिंतीला, बेडखालचा खण नऊ इंच वर, विजेचे सगळे पॉइंट कमरेच्या वर. तयार पार्लर युनिटं दिसायला गुळगुळीत आणि १२,००० पर्यंत मिळतात, पण बहुतेक त्याच बोर्डाची असतात. आमच्याइथे तर ती चालणारच नाहीत, आणि कोरड्या गावातही शाम्पूच्या जागेजवळ ठेवू नयेत.

विजेवर १४,५०० गेले. ते कमी करता आले असते असं अजूनही वाटत नाही. तीन लिटरचा इन्स्टंट गीझर तीन किलोवॅटचा, म्हणजे एकटाच तेरा अँपिअर ओढतो. त्याला स्वतंत्र चार एमएमची वायर आणि स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारं बटण). ओले हात, ड्रायर आणि स्टीमर एकाच खोलीत असताना आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "वहिनी, घरात तर चाललंय ना इतकी वर्षं." मी ऐकलं नाही. मीटर घरगुतीच ठेवला आहे. महावितरणच्या दरपत्रकात राहत्या घराच्या भागातून छोटा धंदा करणाऱ्यांना महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० युनिटच्या आत घरगुती दर चालतो. पण त्यात घरचा पंखा-फ्रिजही आला. आमचं बिल २४० ते २७० युनिटवर येतं आणि उन्हाळ्यात मी रोज मीटर बघते. एसी घेतला नाही तो याचसाठी.

दिवे मुंबईला लोहार चाळीत जाऊन आणले. पिवळे घेऊ नका, अगदी पांढरे शुभ्रही नको. पिवळ्यात फाउंडेशनची खरी छटा कळत नाही आणि उन्हात गेल्यावर गळा वेगळा, चेहरा वेगळा होतो. आम्ही ४००० केल्विनचे, म्हणजे पिवळा आणि पांढरा यांच्या मधल्या उजेडाचे घेतले, आरशाच्या दोन्ही बाजूंनी चेहऱ्याच्या उंचीवर लावले. नुसते वरून लावले तर डोळ्यांखाली सावली पडते आणि आयब्रोचा आकार चुकतो. आरसे गावातच काचवाल्याकडून, पाच एमएम, कडा घासून, दोन मिळून २,४००. वाकडं प्रतिबिंब दिसत नाही, एवढं पुरे.

टॉवेल सोलापूरहून, माझ्या मावसबहिणीने पाठवले. तीन डझन, गडद चॉकलेटी. पांढरे टॉवेल फोटोत छान दिसतात, पण पहिल्याच हेअर कलरला त्यांचं आयुष्य संपतं. सासूबाई प्रत्येक टॉवेल एकदा वापरला की धुतात, दुसऱ्यांदा वापरू देत नाहीत. पावसाळ्यात तीन डझन पुरत नाहीत, पाच घ्या.

वॅक्स हीटर ९०० चा, ठीक आहे, थर्मोस्टॅट थोडा उशिरा बंद होतो म्हणून वॅक्स आधी जाऊ स्वतःच्या मनगटावर लावून बघते. लाकडी पट्टी एकदा त्वचेला लागली की पुन्हा डब्यात जात नाही.

दोन गोष्टी मुद्दामच विकत घेतल्या नाहीत. एक, निळ्या उजेडाची स्टरिलायझर पेटी. तिचे किरण जिथे पोचतात तेवढाच भाग शुद्ध होतो, कात्रीच्या सांध्यात आणि प्लकरच्या आतल्या बाजूला पोचत नाहीत. पेटी दिसायला डॉक्टरी वाटते म्हणून बायकांचा विश्वास बसतो, तेच मला पटलं नाही. आम्ही साबणाने ब्रश करून, पुसून, ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतो, ग्राहकासमोर. दुसरी, केराटिनचं सामान. त्यात पैसा सर्वांत जास्त आहे हे मला माहीत आहे. पण केस सरळ करायच्या बऱ्याच द्रावणांतून गरम इस्त्री फिरवताना फॉर्मल्डिहाइड बाहेर पडतं, आणि आमच्या या खोलीला लागूनच माझी चार वर्षांची मुलगी दुपारी झोपते. एक्झॉस्ट फॅन आहे, तो या वासाला पुरणारा नाही. जावेला ते काम येतं, तिने त्याचा कोर्सही केला होता. मी तिला विचारलं तेव्हा ती लगेच म्हणाली, "ताई, तिथे नोकरीत असताना माझेच डोळे चुरचुरायचे. आपल्या घरात नको."

पुढच्या महिन्यात अण्णा दुसऱ्या खुर्चीचंही तेल बदलणार आहेत, ती खाली बसायच्या आधीच. ओ-रिंग आणून ठेवल्या आहेत.