वॉशिंग्टनच्या संग्रहालयात शिलाई बघायला जा

लेकीकडे मेरीलँडला तीन महिने राहून आले. परतायच्या आठवड्यात तिने मला वॉशिंग्टनचं आफ्रिकन अमेरिकन इतिहास आणि संस्कृतीचं राष्ट्रीय संग्रहालय दाखवलं. सांगलीत तीस वर्षं ब्लाउज शिवतेय, त्यामुळे कुठेही गेले तरी माझी नजर आधी शिवणीवर जाते. तिथेही तेच झालं, आणि माझा दिवस सोन्याचा झाला.

प्रवेश फुकट आहे, फक्त वेळेचा पास आधी ऑनलाइन काढून ठेवायचा. सुरुवात लिफ्टने खाली जाऊन होते. उतरताना भिंतीवरची सालं मागे मागे जातात, थेट पंधराव्या शतकापर्यंत. गुलामांच्या बेड्या आहेत तिथे मला फार वेळ उभं राहवलं नाही.

मी थांबले ती सोजर्नर ट्रुथ यांच्या फोटोपाशी. गुलामीत जन्मलेली ही बाई पुढे गावोगाव भाषणं करत हिंडली. 1864 सालचा तळहातावर मावेल एवढा फोटो, डोक्यावर पांढरी टोपी, अंगावर शाल, हातात विणकाम. हे फोटो विकून त्या खर्च भागवायच्या. खाली छापलंय त्याचा अर्थ असा, की देहाच्या निर्वाहासाठी मी माझी सावली विकते. एकेकाळी जिलाच बाजारात विकलं होतं, ती आता स्वतःचा फोटो स्वतःच्या नावाने विकतेय. कपडे, सुया, बसायची ढब, सगळं तिने ठरवलेलं. मी लेकीला म्हटलं, थांब गं, मला नीट बघू दे.

रोझा पार्क्स यांनी गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडली नाही हे आपल्याकडेही माहीत असतं. पण त्या माँटगोमेरीच्या एका मोठ्या दुकानात शिंप्याच्या हाताखाली काम करायच्या, आणि 1 डिसेंबर 1955 ला अटक झाली त्या दिवसांत स्वतःसाठी एक ड्रेस शिवत होत्या. तो ड्रेस या संग्रहालयाकडे आहे, पिवळ्या-तपकिरी छापाचा. अशी कापडं जपली ती लोइस अलेक्झांडर लेन यांनी. त्यांनी 1979 साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात कृष्णवर्णीयांच्या फॅशनचं संग्रहालय काढलं होतं. पुढे त्यांच्या मुलीने तो संग्रह इथे दिला. त्या माउलीने हे वेचून ठेवलं नसतं तर आज आपण काय बघितलं असतं?

आता अ‍ॅन लो, श्रीमंत घरांसाठी पोशाख शिवणाऱ्या कृष्णवर्णीय बाई. आजी आणि आई दोघी शिवणकाम करणाऱ्या, आजी तर गुलामीत जन्मलेली. लहानपणी उरलेल्या चिंध्यांची फुलं करायची, तीच फुलं पुढे श्रीमंत मुलींच्या पोशाखांवर आली. कापडाचा गुलाब करणं सोपं नाही. पाकळी उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्याला तिरकी, कापली नाही तर ती वळत नाही, ताठ उभी राहते. लो यांच्या गुलाबांत टाका शोधूनही सापडत नाही.

पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींच्या पत्नी जॅकलीन यांचा 1953 चा लग्नाचा पोशाख त्यांनीच शिवलेला. तो इथे नाही, बॉस्टनला केनेडी ग्रंथालयाकडे आहे. लग्नाला 10 दिवस राहिले असताना त्यांच्या कारखान्यात पाण्याचा पाइप फुटला आणि 15 पैकी 10 पोशाख गेले, नवरीचासुद्धा. त्यांनी कुणाला काही न सांगता नवं कापड आणून सगळे पुन्हा शिवले. 700 डॉलर सुटायचे तिथे 2,200 डॉलर पदरचे गेले. आणि लग्नाच्या बहुतेक बातम्यांत त्यांचं नावच नव्हतं.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी माझ्या दुकानात शिरलं तेव्हा गौरी-गणपतीचे 26 ब्लाउज तयार होऊन टांगलेले होते. खण, पैठणीचे काठ, सगळ्यात चिखल. त्या रात्री पोटात जो गोळा आला होता, तो मला तिथे पुन्हा आठवला. लेकीने हात धरला.

सगळ्यात जास्त वेळ मी काढला तो मे रीव्हज यांच्या टोप्यांच्या दुकानापाशी. 1940 साली बँकेचं 500 डॉलर कर्ज काढून त्यांनी फिलाडेल्फियात दुकान टाकलं. एला फिट्झजेराल्डसारख्या गायिका त्यांच्या गिऱ्हाईक, आणि रविवारी चर्चला जाणाऱ्या साध्या बायकाही. मतदानाच्या दिवशी तिथेच मतदान केंद्र असायचं. त्या दुकानाचा एक भागच इथे मांडलाय, टोप्या आणि शिवणयंत्रासकट. आपल्या यंत्रावरून हात फिरवावा तसा मला त्याच्यावरून फिरवावासा वाटला.

साडेपाचला बंद होतं, सकाळीच जा. रंग उडू नयेत म्हणून कापडांवर उजेड मंद ठेवतात, तेव्हा जवळचा चष्मा विसरू नका.