यंत्र विकत घ्यायचं की तपासणीमागे पैसे मोजायचे?

प्रतिबंधक आरोग्यासाठी तरतूद मंजूर झाली, तंत्रज्ञानही ठरलं. आता निविदा कशाची काढायची? यंत्र सरकारी मालकीचं घ्यायचं, की पुरवठादाराचंच ठेवून दर तपासणीमागे पैसे द्यायचे?

एचपीव्ही डीएनए तपासणी घ्या, म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणारा विषाणू शोधणारी तपासणी. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्क्रीनिंगसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तिला पहिली पसंती दिली. व्हिनेगर लावून नजरेने पाहण्याची तपासणी दर ३ वर्षांनी, ही ५ ते १० वर्षांनी. शिवाय नमुना बाई स्वतःच घेऊ शकते. म्हणजे यंत्र महाग असलं, तरी फेऱ्या कमी.

खरेदी फाइलवर छान दिसते. खर्च भांडवली, मालमत्ता नोंदवहीत, उद्घाटनाला कापायला फीत. दुखणं सुरू होतं ते वॉरंटी संपल्यावर. ही तपासणी करणारं जीनएक्स्पर्टसारखं यंत्र ३० अंश सेल्सिअसच्या आत चालवायचं, म्हणजे एसी आणि भरवशाची वीज हवी. कॅलिब्रेशन, म्हणजे मोजमापाची अचूकता तपासणं, ठरल्या वेळी हवं, कार्ट्रिज (दर तपासणीला लागणारी एकदाच वापरायची डबी) त्याच कंपनीची हवीत. हा सगळा खर्च महसुली, म्हणजे दरवर्षी करावा लागणारा, आणि यंत्राच्या प्रस्तावात तो बरेचदा नसतोच. मग यंत्र ठणठणीत, पण कार्ट्रिजचा खडखडाट.

तपासणीमागे पैसे दिले की बिघाडाची डोकेदुखी पुरवठादाराची. निकाल किती दिवसांत द्यायचा, यंत्र बंद पडलं तर दंड किती, हे करारात बांधता येतं. बदल्यात तो किमान संख्येची हमी मागतो. बायका आल्याच नाहीत तरी बिल येतं. दुसरा धोका मोठा आहे, आकडे फुगवण्याचा. दक्षिण कोरियात १९९९ नंतर सरकारी कर्करोग स्क्रीनिंगला जोडून थायरॉइडची सोनोग्राफी जादा शुल्क घेऊन सर्रास होऊ लागली. थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचं प्रमाण २०११ मध्ये १९९३ च्या १५ पट झालं, मृत्यूदर मात्र हलला नाही. ती योजनेतली तपासणी नव्हती, हे खरं. पण जितक्या तपासण्या तितकी कमाई असली की काय होतं, ते यात दिसतं.

छातीचा एक्स-रे वाचून क्षयाचा संशय दाखवणारं सॉफ्टवेअर (त्याचीही जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये शिफारस केली, वय १५ आणि पुढे) कायमचं विकत घेण्यात मला अर्थ दिसत नाही. आवृत्त्या बदलतात, आणि सॉफ्टवेअर प्रत्येक एक्स-रेला जे गुण देतं, त्यातल्या किती गुणांपासून पुढे संशयित धरायचं ते स्थानिक रुग्णांवर तपासून ठरवावं लागतं. एक्स-रे यंत्र मात्र घ्या. ते इतर कामालाही येतं.

प्रयोगशाळा सक्षम, रुग्णसंख्या स्थिर आणि पुढच्या ५ वर्षांच्या किटची तरतूद लेखी असेल, तर खरेदी करा. एरवी मी तपासणीमागे पैसे देण्याचाच पर्याय निवडीन, तोही एका अटीवर: पुरवठादाराच्या बिलाइतकीच ठळक तरतूद पॉझिटिव्ह आलेल्या बाईच्या उपचारासाठी हवी. ती नसेल तर निविदा थांबवा.