थ्री एस २२०० लिपो: वजन करून घ्या, डब्यावरचं वाचून नको

मार्चमध्ये फोमच्या ट्रेनरसाठी (शिकायचं रिमोटवरचं विमान) नवीन लिपो म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी मागवली, थ्री एस (तीन सेलची) २२०० एमएएच, स्टिकरवर मोठ्या अक्षरात ४० सी (क्षमतेच्या ४० पट करंट देते असा दावा), किंमत १३५० रुपये. ब्रँडचं नाव लिहीत नाही, सगळ्यात स्वस्त जी दिसते तीच समजा. बेळगावात आपल्याला हे दुकानात मिळत नाही, लिथियम असल्यामुळं विमानानं पण पाठवत नाहीत, रस्त्यानं यायला नऊ दिवस गेले.

हातात घेतली तेव्हाच हलकी वाटली. शहापुरात मित्राचं सोन्याचं दुकान आहे, त्याच्या काट्यावर ठेवली तर १३९ ग्रॅम, आणि माझी जुनी त्याच साइजची १८४ ग्रॅम. ४५ ग्रॅमचा फरक म्हणजे आत माल कमी, दुसरं काय. वायर पण बघा की, ४० सी गुणिले २.२ म्हणजे ८८ अँपिअर, आणि वायर चार्जरला असते तसली बारीक, एवढा करंट गेला तर आधी वायरच वितळंल. बॅटरी हलकी म्हणून सीजी (विमानाचा तोल जिथं सांभाळतो तो बिंदू) मागं सरकला, विमान शेपटीवर बसायला लागलं, शेवटी जुनी जाड पाच रुपयांची पाच नाणी (एक ९ ग्रॅमचं) बॅटरीखाली टेपनं चिकटवली. म्हणजे बॅटरी १३७५ ला पडली.

माझा सेटअप साधाच आहे, २२१२ साइजची १००० केव्ही मोटर (केव्ही म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे), ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर), १० बाय ४.५ चा प्रॉप (पुढचा पंखा), नाण्यांसकट वजन ९०० ग्रॅमच्या आसपास. वॉटमीटर लावून फुल थ्रॉटल दिला तर जुनी बॅटरी १०.९ व्होल्टला १५.१ अँपिअर, १६५ वॉट. नवीन, ती पण फुल चार्ज, १०.१ व्होल्ट, १३.४ अँपिअर, १३५ वॉट. मोटर तीच, प्रॉप तोच, जोर बॅटरीतच नाही.

सांबऱ्याकडं विमानतळ आणि एअरफोर्सचं ट्रेनिंग स्कूल, तिकडं उडवायचा विषयच नाही, आम्ही खानापूर साइडला एका माळावर जातो. तिथं चौथ्या मिनिटाला चढ घेताना व्होल्टेज पडला म्हणून ईएससीनं कटऑफ मारला, मोटर बंद. बीईसी (ईएससीतनंच बाकीच्याला वीज देणारा भाग) चालू असते म्हणून सर्व्हो (दिशा बदलणाऱ्या छोट्या मोटरी) हलत होते, ग्लाइड करून आणलं असतं पण उंचीच नव्हती, सरळ शेजारच्या उसात. आता उसात विमान हुडकणं काय असतंय ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत, पात्यानं हात सोलून निघतात आणि दोन सरी आत गेलं की दिशाच कळत नाही.

वाचवलं ते १२० रुपयांच्या लिपो अलार्मनं. बॅटरीच्या बॅलन्स वायरला (प्रत्येक सेलला जोडलेली बारीक वायर) टोचायचा, एकेक सेलचा व्होल्टेज दाखवतो, खाली गेला की ओरडतो, मी ३.५ व्होल्टला सेट केलेला. तो आत बसून जो कोकलत होता, तेवढ्या आवाजावर गेलो. मळेवाले काका बांधावरनं विचारतात, "काय हुडकायला लागलाय गा, मोबाईल पडला काय?" म्हटलं विमान. त्यांनी परत विचारलं नाही. प्रॉप तुटला, बाकी सगळं शाबूत.

घरी येऊन बी६ चार्जरवर १ सी ला म्हणजे २.२ अँपिअरला लावली. सेल ३.५ वरनं ४.२ ला यायला १४८० एमएएच गेले, २२०० कुठले? चार्जरबद्दल तक्रार नाही, फक्त अ‍ॅडॉप्टर वेगळा घ्यावा लागतो, पण १२ व्होल्टवर चालतो म्हणून लाइट गेली तरी इन्व्हर्टरच्या बॅटरीवर लावता येतो, आणि आपल्याकडं पावसाळ्यात त्याला पर्याय नाही. त्याच्यात स्टोरेज मोड आहे तो मिरगाच्या आधी नक्की वापरा, सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवतो. गेल्या वर्षी मी एक फुल चार्ज करून कपाटात ठेवली आणि तीन महिने पाऊस, गणपतीला काढली तर पुरणपोळीसारखी टम्म.

दुकानदाराला काट्याचा फोटो पाठवला, उत्तर आलं की पॅकिंग फोडलंय, परत घेणार नाही. बॅटरीला पाचात दीड स्टार, अलार्मला पाच. आता ती बॅटरी टेबलावर सर्व्हो टेस्ट करायला वापरतोय, नाणी काढून घेतली.